मढ्याची उलटतपासणी

त्याचं नाव मी लिहिणार नाही. आधीच त्याचं नाव पुष्कळ झालंय, त्यात माझ्या हातून आणखी भर नको. आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात चहावाल्यापासून बेलिफापर्यंत कुणालाही ‘काका’ म्हणून विचारा, त्याच्याच गजाली सुरू होतील. मीही त्याच बाररूममध्ये बसायचो, मीही वकील, तो माझ्यापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठा. पण मला कुणी काका म्हणालं नाही. मी आपला ‘ओ वकील’. समोर असताना मी त्याला अहो-जाहोच करायचो. इथे मात्र ‘तो’ म्हणणार आहे. तेवढं सुख मला हवं.

स्कूटरवर वारा लागतो म्हणून तो काळा कोट उलटा घालायचा, बटणं पाठीकडे. एकदा तसाच न्यायाधीशांसमोर उभा राहिला. दुसरा कुणी असता तर भर कोर्टात बिनपाण्याची झाली असती. साहेब हसले, म्हणाले, “वकीलसाहेब, आज आमच्याकडे पाठ करून युक्तिवाद करणार काय?” आवारात आठवडाभर तोच विषय. त्यानंतर महिन्याभरात माझा गळ्यातला पांढरा बँड जरा वाकडा झाला होता, तर मला पोशाखाच्या नियमांवर समज मिळाली. आता बोला!

उलटतपासणी घेणं हा त्याचा धंदा नव्हता, ती त्याची खोड होती. कुणी काहीही विचारलं की आधी म्हणायचा, “कोण इचारता?” समोरचा समोरच उभा असला तरी. किती वाजले विचारलं, तरी कोण इचारता. कारण विचारलं तर म्हणे, “बस पकडूक होयी असात तर एक उत्तर, जेवण वाढूक होया असात तर दुसरा.” मासळीबाजारातही हेच. “सुरमय ताजी म्हणतंस. तू पकडताना बघलंस?” मासेवाली फणकारायची, “मी कशाक बघतलंय? सुरमयेकच इचार!” मग दोघंही खो खो हसायची आणि टोपलीच्या तळातली, फडक्याखाली जपून ठेवलेली सुरमई त्याच्या पिशवीत पडायची. मी मुकाट्याने, एक शब्द न बोलता मासळी घेणारा माणूस. मला कायम कालची.

आणखी एक. पुढे काय होणार, हे तो कधीच सांगायचा नाही. पक्षकाराने विचारलं, “काका, केस जिंकतलंव मा?” तर म्हणायचा, “कौल लावूचो असलो तर देवळात जा. हंय नुसतीच तारीख गावता.” आणि तरी पक्षकार त्याच्याच दारात. मी सगळ्यांना ‘नक्की जिंकू’ म्हणून सांगायचो, माझ्याकडे माशा.

हे सगळं मी सोसलं असतं. कोर्ट काय, बाजार काय, तिथे तोच मोठा, मान्य. पण एक जागा माझी होती. तारकर्लीला रेश्माच्या होमस्टेमधलं जेवणाचं टेबल.

पावसाळ्यात तारकर्लीला पर्यटक नसतात, समुद्र बंद. रेश्माचा नवरा नंदू स्कूबा शिकवतो, त्या दिवसांत त्याच्या ऑक्सिजनच्या, म्हणजे तो म्हणतो हवेच्या, टाक्या खोलीत आडव्या पडलेल्या असतात आणि तोही. अशा रविवारी दुपारी मी त्यांना एक खेळ लावला. पुण्यात लॉ कॉलेजला असताना शिकलो होतो. एक जण खेळवणारा असतो. तो एक जग रचतो, जादूचं, राक्षसांचं, राजेरजवाड्यांचं. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते तोंडी सांगतात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. नंदू योद्धा झाला, रेश्मा चोर, आणि बाजारात औषधांचं दुकान असलेली शबाना मांत्रिकीण. खेळवणारा मी. कोर्टात माझं वाक्य कधी पुरं होत नाही, घरी बायको टीव्हीचा आवाज वाढवते. पण त्या टेबलावर मी “धुक्यातून एक गलबत येतंय...” एवढं म्हटलं की तिघं जण तोंडातला घास तसाच ठेवून ऐकायचे. आयुष्यात मला एवढंच मिळालं होतं आणि मला तेवढं पुरत होतं.

मला रहस्यकथा आवडतात, म्हणून माझ्या सातबंदर नावाच्या नगरात खून व्हायचे. पहिला खून मी दीड महिना बसून रचला. धागेदोरे, खोटे साक्षीदार, सगळं. खेळ सुरू झाला, आणि शबानाने चहाचा कप खाली ठेवून शांतपणे सांगितलं, “मी मढ्याक उठवून इचारतंय, तुका कोणी मारल्यान?” मंत्र नियमात बसत होता. फासा वीस पडला. मढ्याला नाव सांगावं लागलं. दीड महिन्याची मेहनत चहा निवायच्या आत संपली.

मग मी वटहुकूम काढला. सातबंदरात मढी उठवणं, मनातलं वाचणं, भविष्य बघणं, सगळ्याला बंदी. शबाना फुगली. “मगे माझ्या मांत्रिकिणीन काय करूचा? चाय?” नंदू म्हणाला, “वकील, तुमचो खून टिकाचो म्हणान आमची जादू बंद?” टेबलावर कुरबुर सुरू झाली. आणि नेमका तेव्हा तो आला.

तो आला होता रेश्माच्या सातबाऱ्याच्या कामाला, एक सही घ्यायला. सही झाली, तरी गेला नाही. ओला कोट खुर्चीला उलटाच टांगला, सोलकढीचा पेला घेतला आणि ऐकत बसला. नवा खून झाला होता. बंदराच्या मुख्याला कुणीतरी पाठीत सुरी खुपसली होती. खुनी जकातीचा कारकून, हे मला ठाऊक, कारण ठरवलं मीच. शबाना बंदीवरून वाद घालत होती. त्याने पेला ठेवला आणि विचारलं, “बंदी कित्याक? करांदे तेका मंत्र. कोर्टात साक्षीदार बोलता म्हणान आपण साक्षीदार बंद करतंव काय? उलटतपास घेतंव.”

“मेलेला माणूस आहे काका,” मी म्हणालो. “खोटं कशाला बोलेल?”

“मृत्युपूर्व जबानी कायद्यात आसा,” तो म्हणाला. “मृत्युपश्चात जबानी खंयच्या कलमात आसा, माका दाखव.”

तिघंही हसले. हा विनोद माझ्या तोंडून यायला हवा होता हो! मीही तोच कायदा वाचून पास झालोय. त्या नगरात मढी मी पाडतो आणि मला हे सुचलं नाही.

रेश्मा म्हणाली, “काका, तुमीच आरोपीचे वकील व्हा.” झाला. माझी बंदी गुंडाळून शबानाने मढं उठवलं. मढ्याचं बोलणं अर्थातच मी करणार. माझं सातबंदर शुद्ध मराठीत बोलायचं, जादूच्या जगाला ती शोभते असं माझं मत होतं. मी खर्जात म्हणालो, “मला... जकातीच्या कारकुनाने... मारलं...” शबानाने विजयाने सगळ्यांकडे बघितलं.

तो उठला. कोट अंगात घातला, सुलटा. “सुरी खंय लागली तुमका?”

“पाठीत.”

“मगे कारकुनाक बघलास खंयसून?”

मी गडबडलो. “आवाज ओळखला.”

“काय बोललो तो?”

हे मी रचलंच नव्हतं. “काही... बोलला नाही.”

“बोललो नाय, आणि आवाज ओळखलास.” त्याने तिघांकडे बघितलं. नंदूने तोंडावर हात धरला होता. “बरां. आणि काय?”

“अत्तराचा वास आला!” मी घाईघाईने म्हणालो. “कारकून अत्तर लावतो.”

“बंदरार त्या दिसा काय वाळत घातल्ला?”

सुरुवातीला वर्णन रंगवायला मीच सांगितलं होतं. “...सुके बांगडे.”

“धक्काभर सुक्या बांगड्याचो वास, आणि तुमका पाठीमागच्या माणसाचा अत्तर कळला.” त्याने आवाज एकदम मऊ केला. “मुख्यानू, खरा सांगा. ह्यो कारकून तुमका पयल्यापासून आवडत नव्हतो मा?”

“हरामखोर आसा तो!” मी ओरडलो. माझं मढं मालवणीत ओरडलं. “माझ्या जाग्यार डोळो होतो त्येचो!”

तो शबानाकडे वळला. “बघ चेडवा. मेलो म्हणान माणूस साधू होणा नाय. मढ्याकव दुश्मनी असता. जादू तुका खंय खणूचा ता सांगतली. पण खणूक तुकाच होया.” मग तिघं खणायला लागले, म्हणजे कारकुनाची खोली, सुरीचा दुकानदार, बांगडे वाळवणाऱ्या बायका, सगळं पालथं घातलं. दोन रविवार चाललं ते. इतका रंगलेला खेळ माझ्या हातून कधी झाला नव्हता. आणि सगळ्यात वाईट सांगू? खुनी कारकूनच, हे मी स्वतः ठरवलेलं. तरी दुसऱ्या रविवारी घरी येताना मला वाटायला लागलं, नसेलही!

त्या पहिल्या दिवशी तो गेल्यावर रेश्मा हसून ओले झालेले डोळे पुसत म्हणाली, “काय माणूस आसा गो!” माझ्याबद्दल असं कुणी आजतागायत म्हणालेलं नाही. मी जळलो. सरळ सांगतो.

पुढे व्हायचं तेच झालं. आधी “काका येतत मा?” म्हणून विचारणा व्हायला लागली, मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्याचा उलट्या कोटातला फोटो लागला, आणि एका रविवारी मी पोचलो तर टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत, माझ्या खुर्चीत, तो बसला होता. “तू पण एकदा खेळ रे वकील,” तो म्हणाला. “खेळवणारो कायम उपाशी ऱ्हवता.” बाकीचे माना डोलवत होते. मी हसलो. हसण्यावाचून काय करणार होतो?

नगर माझंच, सातबंदर. पण त्याने तिथे मालवणी न्यायालय उघडलं. मंत्र लावायचा तर आधी गाऱ्हाणं घालायचं, देवळात देवाकडे मागणं मागतात तसं रीतसर, आणि बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. प्रश्न नेमका काय विचारला तो सगळ्यांदेखत दोनदा म्हणून दाखवायचा. मंत्र घालणाऱ्याचीही तपासणी व्हायची, तुझं आरोपीशी काय नातं, मागचा मंत्र चुकला होता का, उत्तर देवाने दिलं की तू लावलंस. आणि नुसत्या मंत्रावर कुणालाही शिक्षा नाही. शबाना, जी माझ्या बंदीवर रुसली होती, ती ह्या जाचात खूश! गाऱ्हाणं घालताना तिचा आवाज असा चढायचा की शेजारच्या माडांच्या बागेतले लोक डोकावून जायचे.

एकदा चहाला मी खोचकपणे विचारलं, “काका, जादूच्या खेळात एवढा कायदा कशाला? मजा जाते.”

“कोण इचारता?” म्हणाला. मग स्वतःच सांगायला लागला. त्याचं घर गावच्या मानकऱ्यांचं, देवळाच्या भांड्यांची देखभाल त्यांच्याकडे. तो लहान असताना देवळातली मोठी समई नाहीशी झाली. गावाने कौल लावला, गुरवाने देवाला पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, समई ह्या घरच्या माणसाने नेली काय? उजवी पाकळी पडली. म्हणजे होय. घरात तेव्हा पुरुष माणूस एकच, त्याचा धाकटा काका. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. काका मुंबईला निघून गेला. आणि पुढच्या वर्षी बोटीवर नोकरीला असलेले वडील सुट्टीवर आले, आल्या आल्या म्हणाले, “तांबटाकडसून समई हाडलास काय? गळाक लागली होती म्हणान जाताना दिल्लंय, सांगूक इसारलंय.”

“म्हणजे कौल खोटा,” नंदू म्हणाला.

“खोटो कसो? घरच्याच माणसान नेल्ली मा? कौल खरो होतो. प्रश्न अर्धो होतो.” त्याने चहा संपवला. “काको परत जत्रेक इलोच नाय.”

रेश्माचे डोळे भरून आले. आणि मी काय विचार करत होतो? की माझ्या घराण्यात असलं काहीच कसं घडलं नाही! माझे वडील पोस्टात. कुठलीच समई कधी हरवली नाही. ह्या माणसाला दुःखसुद्धा कसं नेमकं कामाला येणारं मिळालं होतं.

मी ठरवलं, ह्याचा कायदा मोडायचा. मी एक मांत्रिक घेतला. त्याच्याजवळ सत्याचं रिंगण. त्या रिंगणात उभा राहील त्याला खोटं बोलताच येत नाही, नियमातच तसं आहे. तिथे साक्षीदार काय करणार आणि उलटतपास काय करणार? खटला होता दीपस्तंभ मुद्दाम विझवून गलबत खडकावर घातल्याचा. मी भर न्यायालयात आरोपीभोवती रिंगण आखलं, गाऱ्हाणं घातलं, फासा टाकला, एकोणीस. “आता विचारतो,” मी म्हणालो. “तू दीपस्तंभ विझवलास का?”

“थांब,” न्यायाधीश म्हणाला. म्हणजे तोच. “रिंगणात आरोपी आसा. इचारणारो खंय आसा?”

“बाहेर.”

“ह्या न्यायालयात इचारणारोव रिंगणात ऱ्हवता. ये भितर.”

असा नियम त्याने त्याच क्षणी काढला होता, माझी खात्री आहे. पण खुर्ची त्याची होती. माझा मांत्रिक रिंगणात गेला. न्यायाधीशाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, मांत्रिकाकडे नाही.

“तुका खरा कळाक होया, की माका हरवूचा आसा?”

नंदू फाशाकडे बघत होता, रेश्मा माझ्याकडे. मी म्हणू शकलो असतो की हा प्रश्न खटल्याबाहेरचा आहे, हरकत घेतो. वकील आहे मी, हरकती घेणं मला येतं. पण रिंगण माझंच होतं, आणि रिंगणात खोटं चालत नाही.

“तुमका हरवूचा आसा,” मी म्हणालो.

“बरां.” त्याने चष्मा परत लावला. “खरा बोलणारो माणूस आसा. हेचा रिंगण ग्राह्य. इचार आरोपीक.”

मी विचारलं. आरोपीने कबुली दिली. खटला मी जिंकलो, त्याचा कायदा न मोडता. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी! जिंकून इतका जळलेला माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

गेल्या वर्षी तो कोल्हापूरला गेला, मुलीकडे, कायमचा. फोंडाघाटाने जाणारा सामानाचा टेम्पो निघताना बघायला अर्धं कोर्ट रस्त्यावर. जायच्या आदल्या रविवारी त्याने खुर्ची सरकवली आणि म्हणाला, “बस. मी तुझाच नगर वापरलंय, तुझेच धक्के, तुझीच गलबता. माका गजाल सुचणा नाय. माका नुसतो उलटतपास येता. खून करूक तूच होयो.” मी बसलो. खुर्ची मला परत मिळाली.

तेव्हापासून मीच खेळवतोय. गाऱ्हाणं घालतात, प्रश्न दोनदा म्हणतात, सगळे कायदे पाळतात. मी चांगले खून रचतो. शबाना मढं उठवते, दोन-चार साधे प्रश्न विचारते, मढं उत्तरं देतं, ती बसते. मी आतून तयार असतो, अत्तर नाही, आवाज नाही, सगळ्या फटी बुजवून आलेलो असतो. फटीत बोट घालणारंच कुणी नाही. खेळ झाला की “छान झाला हां वकील” म्हणतात आणि पावसाकडे बघत भजी खातात.

मागच्या महिन्यात नंदू कोल्हापूरला लग्नाला गेला होता. आला तो सांगत, “काका थंयव खेळतत! कॉलेजच्या पोरांबरोबर. एक पोरगो खेळवता, दर आयतवारी.”

दर आयतवारी! इतकी वर्षं तो माझी खुर्ची घेऊन बसला म्हणून जळत होतो. आता तो दुसऱ्याच कुणाच्या खुर्चीसमोर जाऊन बसला म्हणून जळायला लागलो. कोण हा पोरगा? त्याला समुद्र तरी माहीत आहे का? कोल्हापुरात कसलं बंदर आणि कसलं गलबत! दोन दिवस धीर धरला, तिसऱ्या दिवशी कोर्टातून थेट रेश्माकडे जाऊन फोन लावला. नंदू शेजारी बसला होता, म्हणून स्पीकरवर ठेवला.

इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, “खेळतास म्हणे. बरो खेळवता तो?”

“बरो खेळवता,” तो म्हणाला. “रंगीत नकशे हाडता. संगीत लावता. हुशार आसा पोरगो.”

मी विचारलं, “आणि मढा?”

“मढा रडता रे,” म्हणाला. “एक प्रश्न इचारलंय की सगळा सांगून मोकळा. मजाच नाय. तुझा मढा मरान पण भांडायचा.”

मी फोन ठेवला. नंदू माझ्याकडे बघत हसत होता. “वकील, त्या पोराचो नंबर आसा माझ्याकडे. वायच सांगा तेका, मढा कसा खेळवूचा ता. काकांक तरी बरां वाटात.”

“मेलो तरी सांगूचंय नाय,” मी म्हणालो.